गच्चीवर जमीन कुठून आणायची?

१९२० च्या ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स इथं चार तरुण एका थिएटरच्या छतावर तारा ओढत होते. डॉ. एनरिके सुसिनी, सेसार गेरिको, लुइस रोमेरो कारांसा आणि मिगेल मुहिका ही त्यांची नावं. सुसिनी डॉक्टर, पण चौघांनाही बिनतारी यंत्रांनी झपाटलेलं होतं. खाली कोलिसेओ थिएटरात वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराचा प्रयोग व्हायचा होता. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बनवलेल्या यंत्राचा मायक्रोफोन त्यांनी वरच्या गॅलरीत बसवला, छतावर जेमतेम ५ वॉटचा ट्रान्समीटर मांडला आणि अँटेनाची तार शेजारच्या इमारतीच्या घुमटापर्यंत ताणली. २७ तारखेच्या रात्री तो ऑपेरा शहरातल्या मोजक्या घरांतल्या रेडिओंवर ऐकू आला. या चौघांचं नाव पडलं ‘गच्चीवरचे वेडे’. २७ ऑगस्ट हा दिवस अर्जेंटिनात आजही प्रसारण दिन म्हणून पाळतात.

दोनच महिन्यांनी, २ नोव्हेंबरला, अमेरिकेत ईस्ट पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्याच्या छतावरच्या एका खोपटातून केडीकेए या केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. तो ट्रान्समीटर १०० वॉटचा होता. पुढच्या वर्षी वाद्यवृंदासाठी त्याच छतावर तंबू ठोकला गेला, कारण बंद खोलीत आवाज घुमायचा आणि तंबूत घुमत नसे. वाऱ्यानं तंबू उडाल्यावर तो खोलीत उभारला, आणि कापडानं मढवलेला स्टुडिओ त्यांना असा सापडला.

थोडक्यात, प्रसारणाचा जन्मच छपरावरचा. त्यामुळे कुणी छोटं एएम केंद्र उभारायचं म्हटलं की त्याची नजर आधी गच्चीकडे जाते. उंच चढावं, म्हणजे आवाज लांब जाईल, असा साधा हिशेब असतो. टीव्हीच्या आणि एफएमच्या बाबतीत तो बरोबर आहे. त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितकी उंच तितका टापू मोठा. मीडियम वेव्हवरच्या एएमचं गणित मात्र निराळं आहे. या लहरींची लांबी शेकड्यांनी मीटर असते आणि दिवसा त्या जमिनीला धरून पसरतात. त्यांना उंचीपेक्षा चांगली, ओलसर, वीज वाहणारी जमीन हवी असते. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह केंद्रांचे मनोरे पाहिलेत तर ते डोंगरावर नसतात, मोकळ्या सपाट मैदानात असतात. तिथं मनोरा हीच अँटेना असते आणि तिच्या पायथ्यापासून तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या जमिनीत पुरलेल्या असतात. १९३७ मध्ये आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात तारा पुरून, मोजमापं घेऊन हे दाखवून दिलं. त्यानंतर १२० तारांचं जाळं हा अमेरिकेतल्या केंद्रांचा पायंडाच पडला. म्हणजे अर्धी अँटेना हवेत असते आणि अर्धी मातीत.

गच्चीवर माती नसते, आणि या प्रकरणातली सगळी अडचण तिथून सुरू होते.

इथं आपण मनातल्या मनात असं एक छोटं केंद्र गच्चीवर उभारून बघू. ते अमेरिकेतलं, कारण अशा केंद्राला परवान्याशिवाय जागा देणारा नियम तिथं स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, हे तिथलं नियामक मंडळ. त्याच्या नियमावलीतला भाग १५ सांगतो, की ५१० ते १७०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुणीही परवान्याशिवाय प्रसारण करू शकतो, मात्र ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला मिळणारी वीज १०० मिलिवॉटच्या वर जाता कामा नये. दुसरी अट तारेची आहे. अँटेना, तिला जोडणारी केबल आणि अर्थिंगची तार यांची मिळून लांबी ३ मीटरच्या आत हवी. शिवाय परवानाधारक केंद्राला व्यत्यय आला तर तुम्ही बंद करायचं, आणि तुम्हाला कुणाचा व्यत्यय आला तर निमूट सोसायचा. बाजारात विकायचा ट्रान्समीटर तपासून प्रमाणित केलेला लागतो. हौशी माणसाला स्वतःपुरते पाचपर्यंत घरी बनवता येतात, पण विकता येत नाहीत.

१०० मिलिवॉट म्हणजे एका वॉटचा दहावा भाग. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून ज्या ट्रान्समीटरवर सुरू झाली तो १००० किलोवॉटचा होता. दोन्हींत एक कोटी पटींचा फरक आहे. तरीही चर्च, शाळा, वसाहती, जुनी रेडिओनाट्यं लावणारे हौशी लोक या दहाव्या भागावर वर्षानुवर्षं केंद्रं चालवतात. घरं विकणाऱ्या दलालांनी तर ‘टॉकिंग हाउस’ नावाचा असा ट्रान्समीटर विकाऊ घरात ठेवून, रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्याला घराची माहिती गाडीच्या रेडिओवर ऐकवली.

वॉट कमी आहेत, पण खरी अडचण त्यांची नाही. ३ मीटरच्या अटीचा फास जास्त घट्ट आहे, आणि तो किती घट्ट हे आकड्यांतच बघायला हवं. १६०० किलोहर्ट्झला लहरीची लांबी साधारण १८७ मीटर. नीट काम करणारी उभी अँटेना त्याच्या पाव लांबीची, म्हणजे ४७ मीटर हवी. आपल्याकडे आहेत ३ मीटर. एवढ्या आखूड दांड्याचा उत्सर्जन-रोध, म्हणजे विजेचं लहरीत रूपांतर करण्याची त्याची ताकद, ओहमचा केवळ दहावा भाग भरतो. उलट जमिनीचा आणि दांड्याखाली बसवाव्या लागणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा मिळून रोध चांगल्या मांडणीतही १५-२० ओहमच्या आसपास असतो. ट्रान्समीटरनं दिलेली वीज या दोघांत त्याच प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे १०० मिलिवॉटमधून अँटेनाकडे ७० मिलिवॉट निघाले, तरी हवेत प्रत्यक्ष जातो मिलिवॉटचा एक तृतीयांश. बाकी सगळी उष्णता. म्हणून या छंदातले जाणते लोक अधिक ताकदीच्या ट्रान्समीटरमागे लागत नाहीत. ते अर्थिंग सुधारतात, कारण हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे.

पट्ट्याचं वरचं टोकही त्यासाठीच निवडतात. तीच ३ मीटरची अँटेना ५४० ऐवजी १७०० किलोहर्ट्झवर वापरली तर उत्सर्जन-रोध जवळजवळ दहापट होतो. फक्त पट्ट्यातली जागा निवडताना दिवसा ऐकून भागत नाही. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागातला लहरी शोषणारा थर विरतो आणि हजारो किलोमीटरवरची केंद्रं पट्ट्यात उतरतात. दुपारी शांत असलेली जागा रात्री गजबजलेली असते. म्हणून काही रात्री नुसतं ऐकायचं, कागदावर टिपायचं आणि मगच जागा ठरवायची. १६१० च्या आसपास अमेरिकेत महामार्गांवर वाहनचालकांना सूचना देणारी १० वॉटपर्यंतची केंद्रंही असतात. त्यांना टाळावंच लागतं.

आता गच्चीवर चढू. आधी ट्रान्समीटर कुठं ठेवायचा ते ठरवावं लागतं. तो खाली खोलीत ठेवून वर केबल नेली तर ती केबल ३ मीटरांत मोजली जाते आणि अँटेनाला काही उरतच नाही. म्हणून ट्रान्समीटर पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून अँटेनाच्या अगदी बुडाशी बसवतात. खालून वर जातात त्या दोनच गोष्टी, आवाजाची केबल आणि कमी व्होल्टची वीज. पेटीतून वर निघतो तो पोकळ तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा दांडा. खाली अर्थिंगचा बोल्ट.

त्या बोल्टला काय जोडायचं?

घरातल्या अर्थिंगचा खड्डा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो: मीठ, कोळसा, मधोमध पाइप, आणि उन्हाळ्यात त्यात ओतलेली पाण्याची बादली. गच्चीवरून तिथपर्यंत तार सोडावी असं पहिल्यांदा मनात येतं. दुमजली घर असेल तर ही तार १० मीटरची होते. ती जोडली की जादू झाल्यासारखी केंद्राची पोच वाढते. पूर्वी कोपऱ्यावर विरणारा आवाज आता गावभर ऐकू येतो, आणि माणूस समजतो की आपलं अर्थिंग उत्तम झालं. खरं कारण वेगळं आहे. अँटेनात जेवढा प्रवाह वर जातो तेवढाच अर्थिंगच्या तारेतून खाली जातो, आणि ज्या उभ्या तारेतून रेडिओचा प्रवाह वाहतो ती तार लहरी सोडतेच. तिला आपण अर्थिंग म्हणतो की अँटेना, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. ३ मीटरचा दांडा आणि १० मीटरची तार मिळून १३ मीटरची अँटेना झाली. उत्सर्जन-रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो एकोणीस पटींच्या आसपास गेला. आवाज गावभर गेला तो या एकोणीस पटींमुळे.

एफसीसीचे निरीक्षक हे ओळखतात. छपरावरच्या अशा मांडण्यांवर त्यांनी नोटिसा काढल्या आहेत आणि लांब अर्थिंग ३ मीटरांत धरलं आहे. धातूचा खांब, लोखंडी जिना, पाण्याचा नळ यांना अर्थ जोडला तरी तेच. अनेक हौशी लोक यावर हिरिरीनं वाद घालतात की नियमात ‘अर्थिंगची तार’ म्हटलंय, इमारतीचा सांगाडा म्हटलेला नाही. मला हा वाद पटत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी तारेची लांबी मोजायला सांगितली ती विजेचा स्वभाव ओळखून. लहर सोडणारी प्रत्येक उभी लांबी त्यात यायला हवी, नाहीतर ३ मीटर या आकड्याला अर्थच उरत नाही.

मग कायदा पाळून गच्चीवर काय करता येतं? छप्पर पत्र्याचं असेल तर नशीब बरं. पेटी पत्र्याला अगदी टेकवून बसवायची, इंचभर तारेनं जोडायची, आणि तो पत्राच खालच्या अर्ध्या अँटेनाचं काम करतो. सिमेंटची गच्ची असेल तर आडव्या तारा पसरून कृत्रिम जमीन तयार करतात. तिथं त्या तारांची लांबीही धरली जाऊ शकते हे लक्षात ठेवूनच. यातलं काहीही मातीची बरोबरी करत नाही.

प्रवाहाला आणखी एक चोरवाट उघडी राहते आणि तीच सर्वांत फसवी. अर्थिंगची तार काढून टाकली तरी आवाजाची आणि विजेची केबल खालपर्यंत गेलेलीच असते. केबलच्या जाळीतून रेडिओचा प्रवाह खाली उतरतो आणि घराच्या वायरिंगमध्ये मिसळतो. मग नकळत तीच अँटेना होते. त्याची खूण रेडिओवर कळते. केंद्र लावलं की गाण्याच्या मागं घुंईऽ असा जड आवाज येतो, जो दुसऱ्या कुठल्याच केंद्रावर नसतो. वाहक लहर, म्हणजे जिच्यावर आवाज चढवलेला असतो ती, विजेच्या तारांत शिरते, अडॅप्टरमधल्या डायोडवर तिच्यात मुख्य विजेची घरघर मिसळते आणि ती घरघर घेऊन लहर परत बाहेर पडते. उपाय ठरलेला आहे. पेटीत शिरण्यापूर्वी दोन्ही केबलींचे वेढे फेराइटच्या कड्यांवर घ्यायचे, आवाजाच्या वाटेत छोटा ट्रान्सफॉर्मर घालून तांब्याचा संबंध तोडायचा, आणि स्वस्त स्विचिंग अडॅप्टरऐवजी जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मरवाला वापरायचा. एवढं केल्यावर घरघर थांबते, आणि बहुतेक वेळा पोचही थोडी घटते. घटली म्हणजे आधी केबल बोलत होती, हे सिद्ध झालं.

ट्यूनिंगचं काम मात्र हातानं करण्याचं आहे आणि मला ते या सगळ्यात सुंदर वाटतं. ३ मीटरचा दांडा विजेच्या दृष्टीनं एक चिमुकला कपॅसिटर असतो, साधारण ३० पिकोफॅरडचा. तो १६०० किलोहर्ट्झच्या प्रवाहाला ३३०० ओहमचा विरोध करतो. तेवढाच उलट विरोध देणारी गुंडाळी, सुमारे ३३० मायक्रोहेन्रीची, दांड्याच्या खाली बसवली की दोन्ही विरोध एकमेकांना फेडतात आणि प्रवाह मोकळा होतो. पण ही जुळणी इतकी नाजूक असते की माणूस जवळ उभा असला तरी बिघडते, कारण आपलं अंगही कपॅसिटरच. म्हणून प्लास्टिकचा पेचकस घेऊन फिरता कपॅसिटर केसभर फिरवायचा, चार पावलं मागं सरायचं, मीटरचा काटा बघायचा, परत पुढं यायचं. काटा हळूहळू चढतो, एका क्षणी थबकतो आणि उतरू लागतो. तो थबकला ती जागा आपली. झाकण लावलं की जुळणी पुन्हा हलते, म्हणून शेवटची जुळणी झाकण लावूनच. पाऊस पडून दांड्याचं बूड ओलं झालं तरी काटा खाली येतो. बुडाशी पाणी न धरणारा चांगला इन्सुलेटर का हवा हे पहिल्या पावसातच समजतं.

इथं निसर्गानं एक गंमतीदार तडजोड करायला लावली आहे. गुंडाळीचा विरोध ३३०० ओहम आणि एकूण रोध २० ओहम असेल तर अँटेना सुमारे १० किलोहर्ट्झच्या रुंदीचाच पट्टा जाऊ देते. अमेरिकेत एएमच्या दोन केंद्रांतलं अंतरही १० किलोहर्ट्झच, त्यामुळे ते जमून जातं. पण अर्थिंग अफाट सुधारून रोध ८-१० ओहमवर आणला तर पट्टा अर्धा होतो. केंद्र लांबवर पोचतं, पण सतारीची चमक आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं मऊ पडतात. बोलण्याच्या कार्यक्रमांना ते चालतं, संगीताला खटकतं. कुणाला काय ऐकवायचंय त्यावर ठरवायचं.

आवाजाची पातळीही तितकीच महत्त्वाची. क्षीण केंद्राची गंमत अशी की वाहक लहर पोचते पण तिच्यावरचा आवाज दबलेला असेल तर ऐकणाऱ्याला केंद्र दूरचं वाटतं. म्हणून मोठे आवाज थोडे दाबून, लहान आवाज उचलून सरासरी वर ठेवतात, फक्त वाहक लहर पूर्ण तुटेपर्यंत नेत नाहीत. तुटली की कर्कश फाटणं सुरू होतं आणि शेजारच्या केंद्रांवर घाण पसरते.

पोच किती? नियमातल्या मांडणीला, जमीन बरी असेल तर, घरातल्या रेडिओवर काहीशे मीटर आणि गाडीच्या चांगल्या रेडिओवर त्याहून जास्त, क्वचित मैल-दीड मैल. आता ती ठरवतो तो ट्रान्समीटर नाहीच, ऐकणाऱ्याच्या घरातला गोंगाट ठरवतो. एखादा खिशातला एएम रेडिओ चालू करून मोबाइलच्या चार्जरजवळ, एलईडी बल्बजवळ, सोलर इन्व्हर्टरजवळ नेऊन बघा. खरखर कशी उसळते ते ऐकलं की १९२० मध्ये ५ वॉट एवढे कसे चालले हेही समजेल. त्या वेळी घराघरांत असा गोंगाट नव्हता.

विजेच्या कडकडाटाचं मात्र एका वाक्यात सांगून पुढं जाता येत नाही. गच्चीवरचा एकटा उभा दांडा ही धोक्याचीच वस्तू आहे. वळवाचे ढग दिसले की केबली काढून ठेवाव्यात, आणि इमारतीला वीजवाहक दांडा असेल तर अँटेना त्याच्या संरक्षणाच्या कक्षेत असावी. विजेचा लोट जमिनीकडे वळवणारा सर्ज अरेस्टर लावला म्हणून निर्धास्त राहू नये.

एवढं सगळं केल्यावर माझं मत सरळ आहे. अंगण असेल तर गच्ची सोडा. पेटी जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा, खाली ओलसर मातीत तांब्याचा रॉड ठोका, भोवती जमतील तितक्या तारा पुरा. लांब अर्थिंगच्या जोरावर गच्ची जी पोच देते ती इथं मिळणार नाही, पण जी मिळेल ती कायद्यात बसणारी आणि कुठल्याही ऋतूत टिकणारी असेल.

हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९३३ च्या बिनतारी कायद्यानं परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवलं, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंही रेडिओ यंत्रांना परवानगीची अट ठेवली आहे. १०० मिलिवॉटचा एएम ट्रान्समीटर गच्चीवर लावून शेजाऱ्यांना गाणी ऐकवायची मुभा आपल्याकडे नाही. सामुदायिक रेडिओचं धोरण आहे, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुलं, पण ते एफएमचं. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ तसंच चालतं. तुम्हाला स्वतः ट्रान्समीटर बांधायचा असेल, गुंडाळ्या वळायच्या असतील, काटा थबकताना बघायचा असेल, तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाराची, परीक्षा द्या. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की ती देता येते. त्या परवान्यावर गाणी लावता येत नाहीत, पण मीडियम वेव्हच्या थोड्याच वर असलेल्या १६० मीटरच्या पट्ट्यावर, त्या पट्ट्यासाठी लागणारा परवाना मिळवून, हाच सगळा अभ्यास कायदेशीरपणे करता येतो.